एका जाळीच्या दोन जाळ्या

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. जुनी आणि अर्धी. पूर्ण जाळीचं आयुष्य सांगायला मला आवडलं असतं, पण माझा दुसरा अर्धा भाग एका कचेरीच्या कपाटात कुलपाआड आहे. त्याचं तिथे काय झालं ते मला कोणी धड सांगत नाही. तेव्हा हे आत्मवृत्त जरा एका बाजूने ओढल्यासारखं वाटलं, किंवा मध्येच माझा आवाज चढला, तर सांभाळून घ्या. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता.

लोक पहिलं विचारतात, "कोळ्याची का गं तू?" नाही हो. मासा मी पाहिला तो माझ्या घरच्या केसरबाईच्या तव्यावर. मी गोलाची जाळी. फुटबॉलच्या मैदानावर दोन खांब असतात, वर एक आडवा खांब असतो, त्यांच्या मागे मला ताणून बांधायचं. चेंडू आत आला की मी तो पोटात घ्यायचा आणि चार माणसांना दिसेल असं फुगून दाखवायचं, की बाबांनो, गोल झाला, आता भांडू नका. किती सोपं काम! पण ते मला कधी सुखाने करू दिलं असेल तर शपथ.

माझा जन्म चौऱ्याऐंशी सालचा, सिल्वासातल्या टोकरखाड्याचा. पोर्तुगीज इथून गेले त्याला तेव्हा बराच काळ झाला होता, पण जाताना ते फुटबॉल इथेच विसरून गेले. तो मग ज्याला सापडला त्याने उचलला. टोकरखाड्यात तो उचलला जयवंतरावांनी. जयवंतराव शिर्सेकर म्हणजे राजापूरकडचे, सरकारी कचेरीत कारकून, अंगाने काटकुळे आणि स्वभावाने भारी उत्साही. त्यांनी 'टोकरखाडा फुटबॉल मंडळ' काढलं आणि आपणच त्याचे सेक्रेटरी झाले. खेळायला माणसं मिळाली ती कारखान्यातली. त्यात साक्रीकडून आलेले दोघे भाऊ होते. थोरला झिपरू आणि धाकटा समाधान. दोघे धाग्याच्या कारखान्यात पाळीने काम करायचे. गावाकडे ते कबड्डी खेळलेले. फुटबॉल त्यांनी सिल्वासात येऊन पहिल्यांदा पाहिला. समाधान वाऱ्यासारखा पळायचा म्हणून त्याला पुढे ठेवलं. झिपरूचे हात लांब आणि बोलणं कमी, म्हणून त्याला गोलात उभं केलं. गोलकीपरने फार बोलू नये असं जयवंतरावांचं मत होतं.

झिपरूची बायको केसरबाई. तीही त्याच कारखान्यात धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारख्या रिळा, भरायची. मला जन्माला घातलं ते तिनेच, आणि तेही रागाच्या भरात.

झालं असं, की एका रविवारी झिपरू ओठ सुजवून घरी आला. खेरडीच्या पोरांशी सामना होता. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर वाद झाला आणि वादाचा हात झिपरूच्या तोंडावर पडला. केसरबाई हळद लावत होती.

"रोज तेच भांडन," ती म्हणाली. "आतून गेला का बाहेरून गेला. मागं जाळी बांधा ना एक."

"जाळी मुंबईला भेटते."

"मुंबईची जाळी काय सोन्याची ऱ्हाते? बैलाच्या मुसकीची तर गाठ आहे. माझ्या बापानं जल्मभर मुसक्या विनल्या."

समाधान दारात बसून हसला. "वहिनी, गोलाला मुसकी बांधनार का?"

"गोलाला नाही बांधली तर तुमच्या तोंडाला बांधते. बसा गप."

तर माझं कूळ हे असं. शेतात बैलाने तोंड घालू नये म्हणून त्याच्या थोबाडाला बांधतात ना, त्या मुसकीची मी नात. कारखान्यात धाग्याचा गुंता फेकून देत. फोरमनला विचारून केसरबाईने तो पोत्याने घरी आणला, मांडीवर पीळ देऊन त्याची दोरी केली आणि दाराच्या कडीला एक टोक बांधून चाळीच्या ओट्यावर मला विणायला बसली. पाळीवरून यायची, भाकऱ्या थापायची, की पुन्हा मी. पाऊस संपता संपता मी पूर्ण झाले. पांढरीशुभ्र म्हणणार नाही, कुठे पिवळट, कुठे करडी. पण माझी एक गाठ सुटली तर नाव बदलेन.

पहिल्याच दिवशी समाधानने मारलेला चेंडू माझ्यात येऊन बसला, आणि मैदानावर कोणी कोणाशी भांडलं नाही. नुसत्या टाळ्या. मित्रांनो, मला वाटलं, आता आयुष्य सरळ रेषेत जाणार.

पण गोल असतात दोन, आणि मी होते एकटी.

दुसरी विणायची म्हटलं तर कारखान्यात फोरमन बदलला होता आणि गुंता एक व्यापारी उचलून नेऊ लागला होता. तेव्हा जयवंतरावांनी एक रीत पाडली. पाहुण्याला आपण पाट देतो, स्वतः जमिनीवर बसतो. तशी मैत्रीच्या सामन्यांत जाळी पाहुण्यांच्या गोलाला बांधायची. आपला गोल उघडा. हाफटाइमला बाजू बदलल्या की मला सोडायचं, चौघांनी चार टोकं धरायची आणि मैदान ओलांडून पलीकडच्या खांबांना बांधायचं. त्या वेळी बघे लोक ओरडायचे, "निघाली, निघाली! सासरी निघाली!" एकदा तर कोणीतरी थाळी वाजवली. वापीपर्यंत ही गोष्ट पोचली होती, की सिल्वासात एक क्लब आहे, त्यांची जाळी हाफटाइमला नांदायला जाते. मला त्याची लाज वाटत नसे. रीत वेडी होती, पण तिच्यात खोटं काही नव्हतं. एक होती, एकच दाखवत होतो.

केसरबाई मात्र दर वर्षी जयवंतरावांना म्हणायची, "साहेब, दोरा आना. दुसरी विनून देते."

आणि दर वर्षी मंडळाची सभा भरायची. सभेला खुर्च्या अपुऱ्या, म्हणून माझी वळकटी करून अध्यक्षांना बसायला द्यायचे. अध्यक्ष लाकडाचे व्यापारी होते, वजनदार गृहस्थ. माझ्यावर बसून ते ठराव मांडायचे की, घरगुती जाळी बरी दिसत नाही, दुसरी जाळी मुंबईहून तयार आणावी, मग हीसुद्धा बदलून तशीच घ्यावी. ठराव टाळ्यांनी मंजूर. चहा. पुढच्या वर्षी पुन्हा तोच ठराव. माझ्याच अंगावर बसून माझ्या बहिणीचा जन्म पुढे ढकलायचे! मी किती वेळा त्यांच्या बंडीच्या गुंडीत अडकून निषेध केला, पण ते म्हणायचे, "ही जाळी फार चावते हो."

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या जाळीवाचून एवढं काय अडलं होतं? अडलं होतं झिपरूचं.

मंडळ ज्या संघटनेच्या स्पर्धेत खेळायचं, तिचा नियम होता की दोन्ही गोलांना जाळी असल्याशिवाय मैदानाला मान्यता नाही. मान्यता नाही, तर सामना नाही. म्हणून आमचे 'घरचे' सामनेसुद्धा वापीला व्हायचे. ज्यांची दुपारची पाळी, त्यांना जाता यायचं नाही. कधी आठ जण जायचे, कधी सात, आणि हरून टेंपोतून परत यायचे. खऱ्या सामन्यात झिपरू गोलात किती उड्या मारतो हे टोकरखाड्यात कोणी पाहिलंच नव्हतं. केसरबाईने तर नाहीच. सरावाला आणि मैत्रीच्या सामन्याला काय, नुसता हसण्याखिदळण्याचा कारभार. खरा सामना, शिट्टीवाला रेफरी, बाहेरचा संघ, आणि आपल्या माणसांसमोर आपलं मैदान, एवढी एकच गोष्ट झिपरूला हवी होती. बोलायचा नाही. पण मला गुंडाळताना तो रिकाम्या मैदानाकडे जसं बघायचा, ते मला कळायचं. आणि त्याचे गुडघे आता उठता-बसता वाजायला लागले होते.

ब्याण्णव साली, गौरी-गणपती नुकते आटोपलेले. भर दुपारी जयवंतराव सायकलवरून घामाघूम होऊन चाळीत आले. केसरबाई पाळीवर गेली होती. झिपरू ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होता.

"झिपरू, घात झाला. उद्या पाहणी!"

"कसली?"

"मैदानाची! संघटनेचे साहेब येतायत. या वर्षी मान्यता देतो म्हणाले, फक्त दोन जाळ्या दिसल्या पाहिजेत."

"मग आना मुंबईची."

"अरे, आता कुठून आणू? एका दिवसात मुंबई होते का?"

"आठ वर्षांत पन नाही झाली, साहेब."

जयवंतरावांची नजर माझ्यावर आली. मी कोपऱ्यात खुंटीला होते. त्या नजरेनेच माझ्या गाठी आवळल्या.

"एक मार्ग आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पाहणी मैदानाच्या मध्यावरून करतात. गोलामागचं गवत कमरेच्या वर आलंय. वरून अर्धी जाळी सोडली, तरी खालचं गवतात कोणाला दिसणार?"

झिपरूने तेलाची वाटी खाली ठेवली. "केसरला इचारतो."

"ती कधी येणार?"

"चारला."

"ती नाही म्हणेल."

"म्हनून तर इचारतो."

"झिपरू," जयवंतराव त्याच्या शेजारी टेकले, "तुझे गुडघे आणखी किती साल चालतील? खरं सांग."

मित्रांनो, जयवंतराव वाईट माणूस नव्हता. हे मी आजही सांगते, आणि सांगताना मला संताप येतो, कारण वाईट माणसावर चिडणं सोपं असतं. त्यालाही तो सामना हवाच होता. पण नेमकं दुखतं तिथेच त्याचं बोट पडलं.

झिपरू उठला. घरात कात्री नव्हती. त्याने केसरबाईची विळी घेतली, तिच्यावर पाय ठेवून बसला आणि जयवंतरावांनी दोन्ही टोकं ताणून धरली. भोपळा चिरावा तसं त्याने मला चिरलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. जिने त्याच्यासाठी मला विणलं, तिच्याच विळीवर.

केसरबाई चारला आली. चहाचं आधण ठेवायला वाकली आणि थांबली.

"इळीवर दोरे कसले?"

जयवंतराव केव्हाच सायकलवर बसून पसार झाले होते. झिपरू भिंतीकडे बघत होता, आणि त्याच्या शेजारी आम्ही दोघी पडलो होतो.

तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि माझी चिरलेली कड हातात घेतली. कापलेल्या जागी माझ्या गाठी सुटायला लागल्या होत्या. एकेक सुटा दोरा ओढून तिने बांधायला घेतला. आधी माझी कड, मग माझ्या दुसऱ्या अर्ध्याची. दिवेलागण झाली, चूल पेटली नाही. समाधान आला, बघितलं आणि सगळ्यांसाठी पाव-भजी आणायला गेला.

शेवटची गाठ मारून ती एवढंच म्हणाली, "मला इचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पन इचारायचं."

दुसऱ्या दिवशी पाहणीचे साहेब आले. छत्री घेऊन मैदानाच्या मध्यावर उभे राहिले, मान डावीकडे केली, मान उजवीकडे केली. "दोन्ही बाजूंना जाळी. उत्तम," म्हणाले. त्यांचे बूट नवे होते आणि गवत ओलं. मग जयवंतरावांकडे चहा-पोहे झाले. जयवंतरावांच्या पत्नी विजयाबाई शाळेत शिक्षिका, तोंडाने फटकळ. साहेब गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "उत्तम काय, गवत उत्तम आहे! त्यालाच मान्यता द्या म्हणावं."

मान्यता मिळाली. फटाके वाजले. अध्यक्षांनी मुंबईच्या जाळीचा ठराव त्या वर्षी मांडला नाही, कारण आता दोन जाळ्या होत्याच की!

आणि मग तो सामना आला. पाहुणे होते वापीकडचे. बाद फेरीचा सामना; जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. अख्खा टोकरखाडा मैदानावर लोटला. पाळी बदलून घेतलेली माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, खेरडीहूनही काही जण आले होते. गोलांमागचं गवत कोणी कापायचं नाही असा जयवंतरावांचा हुकूम होता. रेफरी उशिरा पोचला. त्याने घाईघाईने येऊन माझी वरची दोरी ओढून पाहिली. ती घट्ट होती. खाली वाकून बघायला त्याला वेळ नव्हता.

केसरबाई नवं लुगडं नेसून आली होती. आदल्या महिन्यात ती झिपरूशी कामापुरतंच बोलली होती, पण आली. हाफटाइमला बाजू बदलल्या, तेव्हा ती त्याच्या गोलाजवळ जाऊन उभी राहिली. झिपरूने उडी मारून एक चेंडू बोटांच्या टोकांनी खांबावरून बाहेर काढला, तेव्हा तिने पदर तोंडावर घेतला. हसली की रडली ते मला पलीकडच्या टोकावरून दिसलं नाही. थोड्या वेळाने बायांचा घोळका ऊन टाळायला माझ्या बाजूला आला आणि तीही माझ्या मागे गवतात येऊन उभी राहिली. माझ्या पुढे आता पाहुण्यांचा गोलकीपर होता. अजून एकही गोल झाला नव्हता.

सामना संपत आला होता. समाधानला चेंडू मिळाला. एकाला चकवलं, दुसरा घसरून पडला, आणि त्याने चेंडू जमिनीलगत, खांबाच्या अगदी आतून मारला. गोलकीपर हलला नाही. मित्रांनो, तो चेंडू माझ्याकडे आला. खऱ्या सामन्यातल्या अशा चेंडूची मी आठ वर्षं वाट पाहत होते. आणि तो माझ्या खालून गेला! मी वर लोंबत होते आणि तो खालून, जिथे माझं पोट असायला हवं होतं तिथून निघून गवतात शिरला. माझा एक दोरासुद्धा हलला नाही.

रेफरी लांब होता. त्याने पाहिलं, जाळी शांत आहे आणि चेंडू मागे गवतात आहे. त्याने हाताने खूण केली: चेंडू बाहेर.

"गेला! आतून गेला!" केसरबाई गवतातून ओरडली. "माझ्या पायापाशी आला!"

रेफरी धावत आला. "ओ बेन, बाजूला व्हा. खांबाच्या बाहेरून गेलाय."

"बाहेरून कसा? मी हितं उभी आहे ना डोळे घेऊन!"

पाहुण्यांचा कप्तान हसला. "मावशी, आतून गेला असता तर जाळीत अडकला असता ना? जाळी काय शोभेला बांधली आहे?"

पाहुणे सगळे हसले. आमच्याकडचं एकही माणूस हसलं नाही. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. समाधान आपल्या बुटाकडे बघत उभा. कडेला जयवंतराव पांढरेफटक पडलेले. त्यांनी लांबवर झिपरूकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. कारण गोल मागायचा तर सांगावं लागणार होतं की खालून जाळी नाही. आणि ते सांगितलं की मैदान गेलं. गप्प बसलं तर सामना चालू राहील, मैदान राहील, पुढच्या वर्षीही घरचा सामना घरी होईल.

मी तेव्हा किती ओरडले! पण जाळीचं ओरडणं म्हणजे वाऱ्यावर हलणं, आणि वारा नव्हता.

"कॅप्टन कोण?" रेफरी म्हणाला. "तुमची ही बाई खोटं बोलतेय. खोटं बोलून गोल मागायची तुमच्या क्लबची रीत आहे का?"

कप्तान झिपरू होता. तो पलीकडच्या गोलातून निघाला. पळत नाही, चालत. अख्खं मैदान बघतंय, आणि तो आपला वाजणारे गुडघे घेऊन येतोय. येता येता त्याने जयवंतरावांकडे पाहिलं. मग केसरबाईकडे. ती खाली मान घालून उभी होती; खोटं बोलते असं तिला चारचौघांत कधी कोणी म्हटलं नव्हतं.

झिपरू माझ्याखाली येऊन थांबला. वाकला, आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. उघडी जागा सगळ्यांना दिसली.

"साहेब, ती खोटं नाही बोलत. जाळी अर्धी आहे. एकीच्या दोन केल्या. मी कापली," तो म्हणाला. "हिला न इचारता कापली."

बायकोला विचारलं की नाही याच्याशी रेफरीला काय घेणं? पण झिपरूने ते सांगितलं, मोठ्याने, आपल्या आणि परक्या सगळ्यांसमोर. केसरबाईने मान वर केली.

आता तुम्हाला वाटेल, रेफरी खजील झाला असेल, गोल दिला असेल. छे! त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो गोल नाही. उलट मैदान नियमाला धरून नाही म्हणून सामनाच पाहुण्यांना बहाल केला. गोल गेला, सामना गेला, मैदान गेलं. समाधानने बूट काढून गवतात भिरकावले. "भाऊ, थोडं गप बसला असता!" तो म्हणाला आणि मग स्वतःच डोळे पुसत बूट शोधायला गेला.

रेफरीला पुरावा पाहिजे होता. तो मला सोडायला आला तेव्हा केसरबाईने माझी कड मुठीत धरली. "ही नाही," म्हणाली. तिचा चेहरा बघून तो पलीकडच्या गोलाकडे वळला आणि माझा दुसरा अर्धा भाग गुंडाळून घेऊन गेला. 'चौकशीनंतर परत मिळेल.' ती चौकशी अजून चालू आहे. जयवंतरावांनी दमणला बदली होईपर्यंत तीन साहेबांना अर्ज केले, 'विषय: अर्धी जाळी परत मिळणेबाबत'. एका साहेबाने उलट विचारलं म्हणे, की उरलेली अर्धी कुठे आहे, तीही जमा करावी!

मंडळाचं पुढे काय व्हायचं ते झालं. काही दिवस सराव चालला, मग पाहुणे येईनासे झाले, मग आपलेही. समाधान सुरतेला गेला. लोखंडी खांब एका पावसाळ्यात कोणी काढून नेले, मैदानावर गोदाम उभं राहिलं. मी आधी कोंबड्यांच्या खुराड्यावर होते, मग परसात दुधी भोपळ्याच्या वेलाखाली. वेल चांगला असतो हो, पण तो धावत येत नाही.

मित्रांनो, शेवटी चार शब्द सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगते. एक असेल तर एक म्हणा. त्यात कमीपणा नाही. एकीच्या दोन करून दाखवल्या की दोन्ही निकामी होतात आणि वर तुमची खरी माणसं खोटी ठरतात. आणि वस्तू कोणी हाताने केली असेल, तर तिला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा. ते नाही म्हणेल याची भीती वाटत असेल, तर नक्कीच विचारा.

हे सगळं आज आठवायचं कारण, आता अठ्ठ्याण्णव साल आहे, आणि गेल्या आठवड्यात झिपरूने कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेली निळी प्लास्टिकची दोरी गोळा करून आणली. कोणी सांगितलं नव्हतं. केसरबाईच्या पुढ्यात ठेवली. तिने वेलाखालून मला काढलं, झटकलं, आणि माझ्या चिरलेल्या कडेपासून पुढे विणायला घेतलं. पिवळट-करड्याला निळं जोडत.

"किती मोठी व्हती गं?" झिपरूने विचारलं.

"तानल्याशिवाय कसं कळंल? धरा हे टोक."

तिने माझं एक टोक त्याच्या मनगटाला बांधलं आणि त्याला परसात उभं केलं. तो हात वर करून उभा राहिला. गुडघे दुखत असणार. पण हलला नाही.

"आनखी मागं सरका. बस. आता हलू नका."

तर मित्रांनो, सध्या माझा एक खांब असा आहे. जरा वाकलेला, केस पिकलेले, पण गाठ पक्की. दुसऱ्या टोकाला मात्र कोणी नाही, ते जमिनीवर लोळतंय, आणि केसरबाईचे दोन्ही हात विणण्यात गुंतलेत. तुमच्यापैकी कोणी येऊन धरता का?